क्षयरोग आणि शेतकऱ्याचे कर्तव्य

म्हसा येथील यात्रेत बैल घेणारा शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास चालवून पाहतो. आणि त्यास धाप लागत आहे असे दिसल्यास सौदा मोडून पुढे जातो. परंतु घरातील माणूस अगर पदरचा गडी महिना-दीड महिना खोकत असता तोच शेतकरी 'हवा पालटली असेल' असे म्हणून स्वस्थ राहतो. जनावराविषयी इतकी दक्षता आणि माणसाविषयी इतकी बेपर्वाई का असावी, याचा विचार मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतकरी बंधूंनी करावा, या हेतूने आम्ही या महिन्यात पिकांचा विषय बाजूस ठेवून क्षयरोगाचा विषय घेतला आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. फेरफाराच्या नोंदवह्या चाळताना आमच्या असे ध्यानात येई की, कित्येक खात्यांवर वारसाच्या नोंदी फारच लवकर लवकर पडतात. आधी बाप, दोन-तीन वर्षांनी कर्ता मुलगा, मग त्याची बायको. आणि मधल्या काळात औषधपाण्यापायी जमिनीचा तुकडा गहाण पडल्याची नोंद. गावात चौकशी करावी तर 'छातीत पाणी झाले होते', 'बाहेरचे काही लागले होते', अशी उत्तरे मिळत. क्षय हा शब्द कोणी तोंडातून काढीत नसे. कारण घरात क्षय आहे असे बाहेर पडल्यास मुलीस स्थळ मिळणार नाही, ही धास्ती. अशा रीतीने अब्रू राखावी म्हणून रोग झाकला जाई आणि झाकल्यामुळेच तो घरभर पसरे.

वास्तविक या रोगात लाजण्यासारखे काही नाही. क्षयाचे कारण एक सूक्ष्म जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकला अगर शिंकला म्हणजे हे जंतू हवेत उडतात आणि त्याच खोलीत वावरणाऱ्यांच्या श्वासावाटे आत जातात. तो पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, करणीने होत नाही, आणि आईबापांच्या रक्तातूनही येत नाही. एकाच घराण्यात अनेकांस होतो याचे कारण ती सर्व माणसे एका छपराखाली, बहुधा खिडकी नसलेल्या एकाच खोलीत निजतात. जंतू शिरलेल्या प्रत्येकास रोग होतोच असेही नाही. शरीर धडधाकट असेल तर ते जंतूस दाबून ठेवते. उपासमार, मधुमेह, दारू, तंबाखूचा धूर यांनी शरीर खंगले म्हणजे जंतूचे फावते.

विद्या वा कुलीनता यांचा या रोगावर काही इलाज चालत नाही. मुरबाडचा रस्ता ज्या कल्याणातून निघतो त्याच कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयानेच वारल्या. त्या वेळी त्यांचे वय पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. त्या काळी स्वतः डॉक्टर असलेल्या बाईपाशीही या रोगावर औषध नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि त्यानंतर एकामागून एक औषधे निघत गेली. आज औषध असून माणूस मरतो, याचा दोष मात्र रोगाकडे जात नाही. २०२३ साली जगात सुमारे साडेबारा लाख माणसे क्षयाने मेली. आणि जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे.

आता लक्षणे सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, सायंकाळी चढणारा बारीक ताप, रात्री येणारा घाम, अन्नावरची वासना उडणे, वजन उतरणे, थुंकीत रक्त दिसणे. यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास थुंकीची तपासणी करावी. मानेत वाढत्या गाठी दिसल्यास तेव्हाही डॉक्टरांस दाखवावे, कारण क्षय फुप्फुसाखेरीज इतर अवयवांसही होतो. मुरबाडकडील लोकांस तेथील ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरकडील लोकांस तेथील उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीस व औषधास पैसा पडत नाही.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. त्यांतील एका औषधाने लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे, भिण्याचे कारण नाही. डोळे वा अंग पिवळे पडल्यास अगर नजर मंद झाल्यास मात्र त्वरित डॉक्टरांकडे जावे. औषध सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. बरे वाटले की गोळ्या सोडतात. भातखाचरात एक बेणणी करून थांबलेल्या शेतकऱ्याची जी गत, तीच या रोग्याची. वरचे कोवळे तण निघते आणि चिवट मुळाचे मागे राहते. मागे राहिलेले जंतू औषधास दाद देईनासे होतात, आणि मग अधिक कडक औषधे घ्यावी लागतात. शिवाय असे चिवट जंतू तो रोगी दुसऱ्यासही देतो.

रोग्यास घराबाहेर काढण्याची गरज आहे काय? हा प्रश्न प्रयोगाने सुटलेला आहे. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्तीतील काही रोग्यांस आरोग्यधामात आणि काहींस त्यांच्या घरीच ठेवून औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्या माणसांस त्यामुळे अधिक लागण झाली नाही. औषध नियमित चालू असल्यास काही आठवड्यांत रोग्यापासूनचा धोका पुष्कळ कमी होतो. तोवर त्याने तोंडावर फडके धरावे, हवेशीर जागी निजावे, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी. ताट-वाटी निराळी करण्याचे कारण नाही.

हे सर्व ठाऊक होण्यापूर्वी आम्ही स्वतः एक चूक केली, ती येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमच्याकडे एक कातकरी गडी भाताच्या हंगामात येत असे. एका वर्षी कापणीच्या वेळी त्यास खोकला जडला. मुलाबाळांस लागेल या भीतीने आम्ही त्यास आठ दिवसांची मजुरी देऊन "बरा झालास म्हणजे ये" असे सांगून वाटेस लावले, आणि खबरदारी घेतली असे मानले. दिवाळीनंतर तो कुटुंबासह भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. मृग लागला तेव्हा त्याची बायको एकटीच आली. तीही खोकत होती, आणि तिच्या कडेवरील मुलाच्या मानेस गाठी आल्या होत्या. त्या वेळी मात्र आम्ही तिला तपासणीस नेले. औषध पुरे झाल्यावर मायलेकरे बरी झाली. परंतु कापणीच्या वेळीच एक दिवस मोडून गड्यास रुग्णालयात नेले असते, तर तोही आज आमच्या बांधावर उभा असता. रोग आम्ही घालविला नव्हता. आमच्या दारातून दुसऱ्याच्या झोपडीत पाठविला होता.

शेतकऱ्याच्या हातात आणखी एक औषध आहे, ते म्हणजे कणगीतील धान्य. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडात एक मोठा प्रयोग झाला. क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांस दरमहा माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या, असे सहा महिने दिले. असा शिधा न मिळालेल्या कुटुंबांशी तुलना करता या माणसांत क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. आपण भात पिकविणारे लोक. एवढा तांदूळ आपणांस जड नाही. सरकारही रोग्याच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत. त्यासाठी गड्याचे बँकेत खाते उघडून देण्याचे काम लिहिता-वाचता येणाऱ्या मालकाने करावे.

तात्पर्य, खोकणाऱ्या गड्यास कामावरून काढू नये, तपासणीस न्यावे. त्याच्या घरच्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करवावी. रोग नसलेल्यांस प्रतिबंधक औषध मिळते. तो भट्टीवर जाणार असेल तर आधी दवाखान्यात कळवावे, म्हणजे त्यास तिकडील सरकारी दवाखान्यातून औषध चालू ठेवता येते. आणि आपल्या स्वतःच्या घरी हा रोग निघाल्यास तो झाकू नये. एका मातब्बर घराने उघडपणे औषध घेतले, तर वाडीतील दहा घरांची भीड चेपेल.

कापणी संपली की गडीमाणसे भट्ट्यांकडे निघतील. मजुरीचा हिशेब चुकता करताना प्रत्येकास खोकला किती दिवसांचा आहे, एवढे विचारण्यास विसरू नये, ही आमची वाचकांस विनंती आहे.