विज्ञान पदवीनंतरची वाट : संशोधनाच्या संधी आणि कुटुंबाचा निर्णय

"बारावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा प्रवेश हुकला, म्हणून बी.एस्सी.ला नाव घातले," असे सांगणारे पालक आपल्या भागात पुष्कळ भेटतात. या एका वाक्यातून विद्यार्थ्याच्या मनात स्वतःच्या पदवीविषयी उणेपणाची भावना रुजते. तो तीन वर्षे वर्गात बसतो, परीक्षा देतो, उत्तीर्ण होतो. परंतु आपण शिकत असलेला विषय आपल्याला पुढे कोठे नेऊ शकेल, याची चौकशी करावी असे त्याला किंवा घरच्यांना वाटत नाही. पदवी हातात पडली की बी.एड., पोलीस भरती, तलाठी परीक्षा किंवा मिळेल ती नोकरी, असा क्रम ठरलेला असतो. हे सर्व मार्ग सन्मानाचेच आहेत. मात्र त्यांच्या शेजारून संशोधनाचीही एक वाट जाते. तिच्यावर चालताना दरमहा मानधन मिळू शकते, आणि तिची दारे ठरावीक तारखांना उघडून ठरावीक तारखांना बंद होतात. ही गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे अनेक गुणी मुले-मुली तिकडे फिरकतच नाहीत. आपल्या निवासी शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना या वाटेची ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिष्यवृत्तीवर उभे राहिलेले शिक्षण

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार जुनी नाही. निजामाच्या राजवटीत पदवीसाठी हैदराबादकडे पाहावे लागे. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. 1958 साली मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि 1994 साली त्याचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचे नाव लाभले. खेड्यातील मुलाच्या आवाक्यात पदवी आली ती या टप्प्यांमुळे.

स्वतः बाबासाहेब 1913 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचे वडील नुकतेच निवर्तले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते शिक्षण झाले. उच्च शिक्षणाचा खर्च घरच्या मिळकतीतूनच भागला पाहिजे, असे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. शिष्यवृत्ती मिळवणे हा अभ्यासाचाच एक भाग आहे, हे यातून ध्यानात घ्यावे.

संशोधन म्हणजे नेमके काय?

संशोधन म्हटले की परदेशातील चकचकीत प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात उत्तर माहीत नसलेला प्रश्न नेमकेपणाने विचारणे आणि पुराव्याने त्याचे उत्तर शोधणे, म्हणजे संशोधन. याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शहरापासून अगदी जवळ आहे.

वेरूळच्या बाराव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील मातीचा गिलावा शतकानुशतके टिकला तो कशामुळे, हा प्रश्न भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातील निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक एम. एम. सरदेसाई यांनी हाती घेतला. गिलाव्यात मिसळलेल्या तंतूंची त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने तपासणी केली आणि ते तंतू भांगेच्या झाडाचे असल्याचे दाखवून दिले. हा अभ्यास 2016 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भांगेच्या तंतूंमुळे कीटक दूर राहिले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही आणि तेथील चित्रांची कीटकांनी मोठी हानी केली आहे. ज्या लेण्यात आपण सहलीला जातो, त्याच्या भिंतीत वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा एक प्रश्न दडलेला होता, आणि तो सोडवण्यात आपल्याच विद्यापीठातील अध्यापकाचा वाटा होता.

दुसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे. जून 2020 मध्ये तेथील सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण येथे साक्षात पाण्यावर उमटले होते.

तिसरे उदाहरण येऊ घातलेल्या काळाचे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. अशा वेधशाळेला लेसर, निर्वात तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकीय विश्लेषण जाणणारी माणसे लागतात. आज भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षात असलेल्या मराठवाड्यातील मुलीने तेथे काम करण्याचे ध्येय ठेवले, तर ते दिवास्वप्न ठरू नये.

कोणत्या वर्षी काय करावे?

संधी हुकतात त्या बहुधा अर्जाचा महिना निघून गेल्यामुळे. म्हणून पदवीच्या प्रत्येक वर्षाचे काम आधीच ठरवून घ्यावे.

पहिल्या वर्षी विषयाचा पाया पक्का करावा आणि रोज थोडे इंग्रजी वाचण्याची सवय लावावी. पुढील बहुतेक परीक्षांचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची नसून परिभाषेची असते, आणि ती सरावाने दूर होते.

दुसऱ्या वर्षापासून उन्हाळी संशोधनाकडे लक्ष द्यावे. बंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्यासाठी त्याला विद्यावेतन मिळते. उन्हाळ्याचे काम असले तरी त्याचे अर्ज आधीच्या हिवाळ्यात भरावे लागतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अर्जासोबत आपल्या शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. म्हणून शिक्षकांशी नाते प्रश्न विचारण्यातून जोडलेले असावे.

तिसऱ्या वर्षी 'जॅम' ही परीक्षा महत्त्वाची. देशातील आयआयटी संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील एम.एस्सी. व तत्सम अभ्यासक्रमांचा प्रवेश या परीक्षेतून होतो. ती साधारणतः फेब्रुवारीत होते आणि तिसऱ्या वर्षात शिकत असतानाच देता येते. मात्र अर्ज त्यापूर्वीच्या पावसाळ्याच्या अखेरीस भरावा लागतो.

एम.एस्सी.च्या काळात सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा येते. रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान अशा पाच विषयांत ती वर्षातून दोनदा घेतली जाते. एम.एस्सी.ला 55 टक्के गुण आवश्यक असून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना 50 टक्क्यांची सवलत आहे. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही तिला बसू शकतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी 'जेस्ट', मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि 'गेट' हे आणखी काही मार्ग आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय 1957 पासून चालू आहे; तेथे निवड झालेल्यांना प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्यावर वैज्ञानिक अधिकारीपद मिळते.

पैशाचा हिशेब

पालकांचा खरा प्रश्न असा असतो : "अजून पाच वर्षे शिकायचे, तर घर कसे चालायचे?" या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते.

नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे रूढ भाषेत जेआरएफ, मिळालेल्या विद्यार्थ्याला जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि समाधानकारक प्रगती झाल्यास पुढील तीन वर्षे दरमहा 42,000 रुपये मिळतात. पाच वर्षांची ही रक्कम 24 लाख रुपये होते. नियमानुसार मिळणारा घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. पीएच.डी. म्हणजे घरच्यांनी पैसे भरण्याचा अभ्यासक्रम, ही समजूत या हिशेबाने दूर व्हावी. अधिछात्रवृत्ती मिळालेला मुलगा काटकसरीने राहून घरीही काही पाठवू शकतो.

जेआरएफ सर्वांनाच मिळत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजासाठी महाज्योती या संस्था कार्यरत आहेत. पदवीच्या काळात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना उपलब्ध आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. यासाठी लागणारी कागदपत्रे वेळेत तयार ठेवावीत. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला, ही तीन कागदपत्रे पदवीच्या पहिल्या वर्षीच काढून ठेवली, तर ऐन वेळी तहसील कार्यालयाच्या खेपा चुकतात.

दुसरी बाजू

या वाटेचे केवळ गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पीएच.डी.ला बहुधा पाच वर्षे लागतात, क्वचित अधिकही. अधिछात्रवृत्तीची रक्कम कधी कधी महिनोन्‌महिने रखडते. मार्गदर्शक चांगला मिळाला नाही, तर उत्साह ओसरतो. म्हणून प्रवेशापूर्वी त्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी अवश्य बोलावे. महाविद्यालयांतील कायम प्राध्यापकपदांची भरती वर्षानुवर्षे रेंगाळते आणि नेट, पीएच.डी. झालेले अनेक तरुण तासिका तत्त्वावर काम करताना दिसतात. तेव्हा केवळ प्राध्यापकपदाकडे डोळे लावून संशोधनात उतरू नये.

ज्यांना लवकर कमावणे भाग आहे, त्यांच्यासाठीही विज्ञानाची पदवी निरुपयोगी नाही. आपल्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, तसेच वाळूज आणि शेंद्रा येथे औषधनिर्मितीचे मोठे उद्योग आहेत. वोखार्टचे संशोधन केंद्र तर चिकलठाण्यातच आहे. या उद्योगांतील गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी आणि संशोधन विभागांत रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांची गरज असते. एचपीएलसीसारखे उपकरण हाताळता येणे आणि प्रत्येक नोंद चोख ठेवणे, ही तेथील पहिली कसोटी. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाची वही मित्राची पाहून उतरवणारा विद्यार्थी याच कसोटीत मागे पडतो. न्यायसहायक विज्ञान शिकवणारी शासकीय संस्था आपल्याच शहरात आहे. भूगर्भशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भूजल क्षेत्रात काम करता येते, आणि दुष्काळी मराठवाड्यात या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. विज्ञान पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षाही देता येते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडथळा असतो. एम.एस्सी. पूर्ण होता होता घरात स्थळांची चर्चा सुरू होते, आणि नेमक्या त्याच वयात अधिछात्रवृत्तीची संधी येते. पीएच.डी. करणाऱ्या महिलांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते आणि प्रबंध पूर्ण करण्यासाठी मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही असते. लग्न आणि संशोधन यांपैकी एकच निवडण्याची सक्ती नियमांनी केलेली नाही. ती आपण घरात करतो.

आपण काय करू शकतो?

पालकांनी मुलाला विषय समजावून द्यावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ज्या घरात पहिली पदवी येत आहे, तेथे ते शक्यही नसते. पालकांनी दोन गोष्टी कराव्यात : कागदपत्रे वेळेवर काढावीत आणि एम.एस्सी.नंतर परीक्षेच्या तयारीसाठी मुलाला किंवा मुलीला एक वर्ष द्यावे. पहिल्या प्रयत्नात नेट न होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्या एका अपयशावरून शिक्षण थांबवू नये.

माजी विद्यार्थ्यांचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. जे नेट उत्तीर्ण झाले, औषध कंपनीत स्थिरावले किंवा एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पोहोचले, त्यांनी वर्षातून दोन रविवार शाळेला द्यावेत. एक रविवार पावसाळ्यात जॅमच्या अर्जासाठी आणि दुसरा हिवाळ्यात उन्हाळी फेलोशिपच्या अर्जासाठी. त्या दिवशी भाषणे नकोत. संगणकासमोर विद्यार्थ्याच्या शेजारी बसून त्याचा अर्ज भरून घ्यावा, कागदपत्रे तपासावीत, इंग्रजीतील निवेदन दुरुस्त करून द्यावे. शाळेच्या सूचनाफलकावर परीक्षांच्या तारखा लावाव्यात. दहावीतील मुलांनाही ती नावे वाचून ओळखीची होतील.

आपल्या आधीच्या पिढीने महाविद्यालयाचे दार उघडून दिले. प्रयोगशाळेचे दार आजच्या पिढीसमोर आहे. ते बंद नाही. पण त्यावर अर्जाची शेवटची तारीख लिहिलेली आहे, आणि ती तारीख मुलांपर्यंत वेळेत पोहोचवणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.