पिंगला गुरू

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपण दत्तजयंतीच्या सप्ताहात दरवर्षी ऐकतो. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यावर निरूपण भरपूर होतं. पिंगलेचं नाव मात्र घाईनं उरकलं जातं, कारण ती गणिका. आमच्या टेंभुर्णीतही मी हेच पाहत आले. म्हणून यंदा तिच्याविषयीच लिहिते. त्याला माझं स्वतःचंही कारण आहे. ज्याला स्वतःपलीकडं कुणी दिसतच नव्हतं अशा माणसाच्या संसारात मी अकरा वर्षं काढली. माहेरी येऊन आता चार वर्षं झाली.

अशा स्वभावाला हल्ली 'नार्सिसिस्ट' म्हणतात. ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यातल्या स्वतःच्याच रूपावर भाळला, त्यावरून हा शब्द आला. प्रत्येक हट्टी, तापट माणूस असा नसतो. आजार आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण सोबत राहणाऱ्याला खुणा कळतात. आधी डोक्यावर घेणं, मग चारचौघांत पाणउतारा, घडलेलं घडलंच नाही म्हणणं, आणि आपण निघायच्या बेतात आलो की दोन दिवस गोड. ते दोन दिवसच बांधून ठेवतात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, आठव्या अध्यायात पिंगला येते. विदेहनगरीत ती नटूनथटून दारात उभी. रस्त्यानं येणारा प्रत्येक जण तिला वाटतो, हाच थांबेल, हाच पुष्कळ देईल. तो निघून जातो. ती आत जाते, बाहेर येते, असं करता करता मध्यरात्र होते. तोंड सुकतं आणि मनाला वीट येतो. इथं एक बारकावा बघा. तिला कुणी उपदेश केलेला नाही, कुणी साधू दारात आलेला नाही. आलेल्या विटालाच ती देवाची कृपा म्हणते. हृदयात, इतक्या जवळ असलेल्याला सोडून मी कुणाकडं मागत होते, हे तिला उमगतं आणि ती निवांत झोपते.

ती झोपते, हे मला फार मोठं वाटतं. माहेरी आल्यावरही वर्षभर मला धड झोप नव्हती. फोन येईल, एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणेल, असं वाटत राहायचं. दत्तनामाची माळ ओढतानाही मागणं एकच, त्याला सुबुद्धी दे. पिंगला समजली तसं ते मागणं सुटलं. राग गेला असं नाही, नुसतं मागणं सुटलं. झोप मग हळूहळू आली.

कुणी म्हणेल, गुरुचरित्राच्या एकतिसाव्या अध्यायात पतिव्रताधर्म सांगितलाय, त्याचं काय? नात्यातल्या बायकांनी माझ्यापुढंही तोच अध्याय ठेवला, आणि जोडीला संत बहिणाबाईंचं उदाहरण. बहिणाबाई आपल्याच मराठवाड्यातल्या देवगावच्या, जन्म 1628चा. नवरा वयानं कितीतरी मोठा. हरिकथेचं वेड लागलं म्हणून मारायचा. हे त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलंय. पुढं आजारपणात त्याला पश्चात्ताप झाला. लोक तेवढाच शेवट धरतात आणि सुनांना म्हणतात, सोस बाई, तोही सुधारेल. पण बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं ते नवऱ्याला विचारून नव्हे. त्याचं सुधारणं त्यांच्या हातात नव्हतं, भक्ती होती. आणि जिला आज मार बसतोय तिनं पोथीतला दाखला शोधत बसू नये. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005चा कायदा आहे, 181 वर फोन लावता येतो. त्या मदतीतही दत्तप्रभूच असतात अशी माझी श्रद्धा आहे.

पुढच्याच अध्यायात कुमारीच्या बांगड्या येतात. साळी कांडताना त्या वाजू लागल्या, पाहुण्यांना ऐकू जाईल म्हणून तिनं एकेक काढली. दोन ठेवल्या तरी वाजल्या, मग हातात एकच राहिली. आमच्याकडं एकटी बाई दिसली की लोकांची नजर आधी हातांकडं जाते. अवधूतांनी त्याच एका बांगडीकडून एकांत शिकून घेतला.

संस्कृत जड जात असेल तर पैठणच्या नाथांचं एकनाथी भागवत घ्यावं. त्यांनी ते काशीत 1573 साली पूर्ण केलं. त्यातला आठवा अध्याय सावकाश वाचावा. मी रात्री भाकरी-भांडी उरकल्यावर थोड्या थोड्या ओव्या वाचते.