एक फाइल, दोन लिहिणारे : कुलूप कुणाच्या हाती?

समजा, तुमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवाचा हिशेब सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये आहे. शिल्लक ५०० पौंड. खजिनदारांनी फाइल उघडून ५० पौंडांची देणगी मिळवली. त्याच वेळी दुसऱ्या लॅपटॉपवर सहखजिनदारांनीही ५०० पाहून ३० मिळवले. आधी ५५० साठवले गेले, मग त्यावर ५३०. खरी शिल्लक ५८०. पन्नास पौंड गायब झाले, आणि पडद्यावर एकही चूक दिसली नाही! हे टाळण्यासाठी सर्व्हर फाइलला कुलूप लावतो. पण कुलूप केवढे असावे?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये फार लवकर पुढे आला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेने स्वतःचा फाइल सर्व्हर बांधला होता. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्राचाही एक होता. जेम्स मिचेल आणि जेरेमी डियॉन यांनी १९८२ मध्ये या दोघांची तुलना प्रसिद्ध केली.

केंब्रिजचे कुलूप अख्ख्या फाइलला. म्हणजे एकाने लिहायला घेतले की सगळी वहीच त्याच्याकडे. सोपे आणि भरवशाचे, पण बाकीचे खोळंबतात. झेरॉक्सचे कुलूप फाइलच्या एखाद्या भागापुरते, म्हणजे वहीच्या एका पानापुरते. त्यामुळे अनेकजण एकाच वेळी काम करू शकतात. मात्र माझे पान तुमच्याकडे आणि तुमचे माझ्याकडे अडकले, तर दोघेही कायमचे वाट पाहत बसतील. म्हणून झेरॉक्सच्या सर्व्हरवर फार वेळ धरलेले कुलूप दुसऱ्यासाठी तोडता येत असे.

आजच्या सर्व्हरांत आणखी एक फरक महत्त्वाचा आहे : कुलूप सक्तीचे की सूचनेपुरते? विंडोजची एसएमबी पद्धत सक्तीची. फाइल उघडतानाच 'दुसऱ्याने लिहू नये' असे सांगता येते आणि सर्व्हर ते पाळायला लावतो. लिनक्सवरच्या एनएफएसमध्ये कुलूप बहुधा 'आत कुणी आहे' या पाटीसारखे असते. जो प्रोग्रॅम पाटी वाचतच नाही, तो खुशाल आत शिरतो.

आणि कुलूप लावणारा लॅपटॉपच बंद पडला तर? एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुलूप भाडेकराराने मिळते. लिनक्स सर्व्हरवर मुदत सहसा ९० सेकंद. लॅपटॉपने करार वेळेत नवा केला नाही, तर सर्व्हर ते कुलूप दुसऱ्याला देऊ शकतो.

तुमच्या घरच्या किंवा मंडळाच्या सर्व्हरवर एकच फोल्डर एसएमबी आणि एनएफएस अशा दोन्ही वाटांनी उघडा असेल, तर सावध राहा. एका वाटेवरची मनाई दुसऱ्या वाटेवर पोहोचेलच असे नाही. लिहिण्यासाठी एकच वाट ठेवा, दुसरी फक्त वाचण्यापुरती. आणि दोन लॅपटॉपांवर एक चाचणी फाइल एकदम उघडून पाहा : दुसऱ्याला अडवले जाते का? हे हिशेब लिहिण्याआधी कळलेले बरे.