चौथ्या नंबरला कोण विचारतंय?

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत लेक तीन हजार मीटरला चौथी आली. आधीपेक्षा कितीतरी कमी वेळात पळाली होती. अकॅडमीच्या ग्रुपवर मात्र पहिल्या तिघींचे गुलाल लावलेले फोटो. हिचं नावसुद्धा नाही. विचारलं तर सर म्हणतात, "ताई, चौथ्या नंबरला कोण विचारतंय? तुम्हाला खेळातलं कळत नाही."

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२२ साली कैरोच्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत चौथाच आला होता. त्याच नंबरावर भारताला ऑलिम्पिकचा कोटा मिळाला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही वैयक्तिक प्रकारात चौथा, आणि २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ. त्या दिवशी याच सरांच्या स्टेटसला त्याचा फोटो होता!

डोकं फिरलं ते पुढच्या मोसमात. प्रवेशिका भरताना लेक म्हणाली, "आई, चालण्याच्या शर्यतीत नावंच दोन-तीन येतात. सर म्हणाले, तिथं मेडल पक्कं." शाहूवाडीच्या पावसात पळून आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते चुलीपाशी वाळत घालणारी ही पोरगी. पळणं तिचं वेड होतं. आता ती समोर कोण आहे ते बघून प्रकार निवडायला लागली. तगडी पोरगी असली की सकाळी हिचं पोट दुखायचं.

जॉन निकोल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हे फार पूर्वी मांडलंय. काही मुलं कालच्या स्वतःशी तुलना करतात, काही शेजारच्याशी. दुसऱ्या प्रकारची मुलं जिंकत असतात तोवर ठीक. हरायची भीती वाटली की अवघड ते टाळतात. पोर कुठल्या वाटेनं जाईल, ते बरंचसं मैदानावर आणि घरात कौतुक कशाचं होतं त्यावर ठरतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, दहावीला वाढीव गुण, म्हणून पालक मेडल मागतात, हे मान्य. पण नववीतल्या पोरीला पळण्यातनं उठवून मेडल मोजायला बसवायचं?

तेव्हा अकॅडमीत नाव घालण्याआधी एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला उभं राहा. सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या पोराशी सर काय बोलतात ते ऐका; फलकावरची मेडलं नंतर बघा. प्रत्येकाच्या वेळेची वही आहे का, विचारा. अकॅडमी सोडल्यावर आता शाळेतले पीटीचे सर लेकीची वही ठेवतात, आणि ती परत तीन हजारच पळते. घरी "कितवी आलीस?" याआधी "किती मिनिटं लागली?" विचारा.

फी मात्र महिन्याची महिन्याला द्या आणि पावती घ्या. आम्ही जूनमध्ये वर्षाची एकदम भरली होती. दिवाळीत पोरगी काढली तर एक रुपया परत नाही, वर बांबवड्याच्या बाजारात चारचौघांत सांगतात, "त्यांची पोरगी टिकली नाही."