आधी वीट, मग नेम

नेवासे,
कार्तिकी एकादशी

चि. बाळ,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, रोज देवापाशी घटकाभर बसावं असं फार वाटतं गं, पण आठ दिवसांच्या वर काही टिकत नाही. मग अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं." तेव्हा तुझी ड्यूटीवर जायची घाई होती, म्हणून मी काही बोलले नाही. आज उपास आहे, स्वयंपाकाची गडबड नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझा नेम का मोडतो ते आधी पाहू. तू ठरवलंस पहाटे पाचला उठायचं, अंघोळ करून पूर्ण हरिपाठ म्हणायचा, माळ ओढायची, ज्ञानेश्वरीच्या पन्नास ओव्या वाचायच्या. हा नेम आजीच्या घरात निभला असता. तुझी एक आठवडा मॉर्निंग, एक आठवडा इव्हिनिंग आणि मग नाइट असते. रात्रभर वॉर्डात उभी राहिलेली मुलगी पहाटे पाचला कशी बसणार? म्हणून नेम घड्याळाला बांधू नकोस, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांध. ड्यूटी कुठलीही असो, खोलीवर आल्यावर तू अंघोळ करतेसच. अंघोळ झाली की केस पुसून, चहा टाकायच्या आधी बसायचं. हॉस्टेलच्या खोलीत देव्हारा नसला तरी चालेल. एक आसन मात्र ठरलेलं असू दे आणि ते रोज त्याच कोपऱ्यात टाक. मोबाइल उशीखाली ठेव.

बसलीस की काय करायचं? पहिल्यांदा काहीच करू नकोस. दहा-बारा श्वास होईपर्यंत नुसती बस. मग हरिपाठाचा एक अभंग म्हण, एकच. ज्ञानदेवांच्या हरिपाठात 27 अभंग आहेत, काही पोथ्यांत शेवटचा एक धरून 28. रोज एक म्हटलास तर महिन्याच्या आत एक आवर्तन होतं आणि एकेका ओळीपाशी थांबायला सवड मिळते. देवळात टाळांच्या गजरात उभं राहून म्हटला जाणारा हरिपाठ ही वेगळी गोष्ट आहे. तिथे चार जणांचा आवाज आपल्याला उचलून नेतो. एकटीनं बसताना तो आधार नसतो, म्हणून थोडंच घ्यावं आणि चावून खावं. त्यानंतर रामकृष्णहरी या मंत्राची एक माळ. 108 मणी, घाई न करता पाचेक मिनिटं लागतात. मग तुझ्या स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं बोल. आज काय चांगलं झालं, कशाची भीती वाटते, कुणाचं काय वाईट वाटलं, जे असेल ते. देवाशी पुस्तकी मराठी बोलायची गरज नाही. आणि शेवटी पसायदान.

पसायदान शेवटीच का, ते सांगते. आमच्या गावच्या पैस खांबापाशी मी शाळेची मुलं दरवर्षी नेत असे. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली. अठरा अध्याय सांगून झाल्यावर, मागायची वेळ आली तेव्हा, त्यांनी नऊ ओव्यांत जे मागितलं ते सगळं दुसऱ्यांसाठी. समाजानं ज्यांना आणि ज्यांच्या भावंडांना इतकं छळलं, त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागितलं. तुझं मागणं तू आधी मोकळेपणानं मागून घे. मागण्यात काही कमीपणा नाही. पण उठताना ओठांवर दुसऱ्याचं भलं असू दे.

या सगळ्याला फार तर पंधरा मिनिटं लागतील. ज्या दिवशी तेवढंही त्राण नसेल, त्या दिवसासाठी सगळ्यात लहान नेम आजच ठरवून ठेव: आसनावर बसायचं, तीन वेळा नाव घ्यायचं, उठायचं. तुझे काका आजारी होते तेव्हा सतरा दिवस माझा नेम एवढाच होता, तोही दवाखान्याच्या बाकावर. मन लागत नव्हतं. शब्द कोरडे निघत होते. तरी रोज तेवढं होत राहिलं म्हणून नंतर परत येण्याची वाट बुजली नाही. मन लागलं तर आनंद आहे, पण त्याची वाट पाहत बसलीस तर बसणंच होणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. मी हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला मी हरिपाठाला बसले होते. दारात शेजारीण आली आणि हाक मारू लागली. मी डोळे न उघडता हात वर केला, थांबा म्हणून. सगळे अभंग पुरे करून उठले तर ती निघून गेली होती. तिचे सासरे ओसरीवर पडले होते आणि त्यांना उचलायला तिला एक माणूस हवं होतं. दुसरं कुणीतरी धावून आलं, म्हातारा बचावला. रात्री मी हे तुझ्या आजीला सांगितलं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण देवळात ऐकून ऐकून सगळा हरिपाठ तिला पाठ होता. ती वाती वळत होती. वर न पाहता म्हणाली, "पुंडलिकानं देवाला थांबवलं. तू माणसाला थांबवलंस."

एवढंच. पुंडलिकाची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! आईबापांचे पाय चेपत असताना दारात देव आला, तर त्यानं वीट भिरकावली आणि म्हणाला, यावर उभा राहा, माझं काम आटपू दे. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अख्खं पंढरपूर त्या एका विटेवर उभं आहे. ही गोष्ट मी शिकवत होते, पण त्या संध्याकाळी ती मला कळली.

म्हणून सांगते, बाळ, आसनावर बसलेली असताना शेजारच्या खोलीतली मुलगी तापानं कण्हत असेल तर माळ खाली ठेव आणि ऊठ. वॉर्डात बेल वाजली आणि तुझ्या मनातलं नाव अर्धं राहिलं तर राहू दे. सावता माळ्यानं अरणच्या मळ्यात भाजी लावता लावता जे केलं, जनाबाईनं जात्यावर बसून जे केलं, तेच तू सलाइन लावताना करू शकतेस. तुझी ड्यूटी आणि तुझा नेम या एकमेकींच्या सवती नाहीत.

पण याची पळवाटही करू नकोस. कंटाळा आला म्हणून "माझी सेवाच माझी प्रार्थना" असं म्हणायचं नाही. पुंडलिकाचं काम आटपल्यावर तो विटेकडे वळला असणारच. काम संपलं की तूही वळ. आणि चार दिवस खाडा झाला तर पाचव्या दिवशी पाच अभंग म्हणून भरपाई करू नकोस, अपराधी होऊन दूरही राहू नकोस. अंघोळ कर, आसन टाक आणि राहिला होता तिथूनच अभंग उचल. ज्याला उभं राहायची सवय आहे, तो चार दिवसांत कुठे जात नाही.

पुढच्या नाइटनंतर झोप पुरी झाली की फोन कर. कितवा अभंग चालू आहे तेवढं सांग.

तुझी,
मावशी