शेतमालाची गाडी : नेहमीचे बिघाड व दुरुस्तीचा हिशेब

टोमॅटो, ढोबळी मिरची, फुले यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोचावा म्हणून अनेक शेतकऱ्यांनी स्वतःची पिकअप किंवा छोटी मालवाहू गाडी घेतली आहे. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजेच गावोगावचा ‘छोटा हत्ती’, आल्यापासून अशा गाड्या वाडीवस्तीपर्यंत पोचल्या. गाडी घेताना हप्त्याचा हिशेब होतो, दुरुस्तीचा मात्र राहून जातो. ऐन तोडणीच्या हंगामात गाडी रस्त्यात बंद पडली, तर दुरुस्तीच्या बिलात दुसऱ्या गाडीचे भाडे आणि चुकलेल्या लिलावाचा तोटाही मिळवावा लागतो. मोठ्या खर्चाचे बरेचसे बिघाड लहान दुर्लक्षातून सुरू होतात. ते वेळीच कसे ओळखावेत, हे पुढे दिले आहे.

१. इंजिन तापणे

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवय सर्रास आढळते. ज्या क्षारांनी ठिबकच्या नळ्या चोंदतात, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतात. त्यामुळे पाणी नीट फिरत नाही व घाट चढताना इंजिन तापते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. ते पातळ करावयाचे असल्यास क्षारविरहित पाणी (बॅटरीचे पाणी) घ्यावे. रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा दर आठवड्यास तपासावा. नळी किंवा पट्टा काही शे रुपयांत बदलता येतो. तापलेली गाडी तशीच दामटल्यास हेड वाकते, गॅसकेट जाते आणि खर्च हजारांच्या घरात जातो. इंजिन बांधावयाची वेळ आली तर एका हंगामाची शिल्लक त्यात जाऊ शकते. काटा वर जाताच गाडी थांबवावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

२. क्लच घसरणे

इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, ही क्लच प्लेट झिजल्याची लक्षणे होत. क्लचवर सतत पाय ठेवणे आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरणे, ही त्याची मुख्य कारणे आहेत. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंगही तपासून घ्यावे. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी एकदाच पडते. झिजलेले बेअरिंग तसेच ठेवल्यास तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

३. पाटे तुटणे व टायर झिजणे

जादा भरल्याने पाटे, बुश, बेअरिंग, टायर व ब्रेक या सर्वांचे आयुष्य घटते. भरताना क्रेटचे वजन विसरले जाते. २० किलो टोमॅटो व सुमारे २ किलोचा क्रेट मिळून २२ किलो होतात. दीड टन क्षमतेच्या गाडीत असे ६८ क्रेटच बसतात. त्यावर चढविलेल्या प्रत्येक थराचे भाडे पुढे गॅरेजमध्ये भरावे लागते. टायरची हवा थंड असताना तपासावी. टायर एका बाजूने झिजत असल्यास चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

४. ब्रेक

येथे काटकसर करू नये. लायनर पूर्ण झिजल्यास धातू ड्रमला घासतो व स्वस्तात होणाऱ्या कामात ड्रमचाही खर्च वाढतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ठरलेल्या मुदतीत ते बदलावे.

५. डिझेल व धूर

शेतावर कॅनमध्ये साठविलेल्या डिझेलमध्ये पाणी व कचरा जातो. त्याने नोझल व पंप खराब होतात आणि ही दुरुस्ती महाग असते. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वरचेवर काढावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. त्याचा दिवा लागल्यास दुर्लक्ष न करता माहितीपुस्तिकेप्रमाणे कृती करावी. काही गाड्यांत डीईएफ हे शुद्ध युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्याऐवजी शेतातील निमलेपित युरिया पाण्यात विरघळवून कधीही भरू नये. धूर शुद्ध करणारी सर्व यंत्रणा त्याने बिघडते.

दुरुस्तीसाठी तरतूद

बिल आल्यावर पैसे शोधण्यापेक्षा दर खेपेस थोडी रक्कम बाजूला ठेवावी. उदाहरणार्थ, बाजार ६० कि.मी.वर आहे. जाऊन-येऊन १२० कि.मी. होतात. किलोमीटरमागे २ रुपये धरले तर खेपेस २४० रुपये, म्हणजे ६० क्रेटवर प्रत्येकी ४ रुपये पडतात. गाडी वर्षात २० हजार कि.मी. चालली तर ४० हजार रुपये जमतात. हा दर केवळ उदाहरणादाखल आहे; आपल्या गाडीचा खरा दर आपल्या वहीतूनच निघेल. त्यासाठी तारीख, कि.मी., झालेले काम, सुटे भाग व मजुरी यांची नोंद ठेवावी. एक वर्षाचा एकूण खर्च त्या वर्षाच्या कि.मी.ने भागावा. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजपत्रक मागावे व काढलेले जुने भाग पाहून घ्यावेत.

मोठी कामे तोडणी संपल्यावर, गाडी रिकामी असताना उरकावीत. योग्यता प्रमाणपत्राचे (पासिंगचे) वर्ष असल्यास तेही त्याच सुमारास करून घ्यावे. हंगामापूर्वी बैलाच्या खुरांना पत्री मारून घेणारा शेतकरी गाडीबाबतही तीच दक्षता घेईल, तर लिलावाच्या दिवशी त्याचा माल रस्त्यात अडकून पडण्याची वेळ सहसा येणार नाही.