समुद्रकिनारा, अस्सलपणा आणि पुन्हा येणारा पर्यटक

कोलशेतहून शनिवारी पहाटे गाडी काढून अलिबागला किंवा श्रीवर्धनकडे जाणारी कुटुंबं तुमच्या बघण्यात असतील. त्यातली काही दरवर्षी त्याच गावी, त्याच घरी उतरतात. असं का बरं? पुन्हा त्याच ठिकाणी जाणं आणि चार जणांना 'तिथेच जा' असं सांगणं, याला पर्यटनाच्या अभ्यासात स्थळनिष्ठा म्हणता येईल. तिच्यामागचं एक मोठं कारण म्हणजे अस्सलपणाची जाणीव. 'जाणीव' या शब्दाखाली रेघ मारा. वस्तू अस्सल असणं वेगळं, पाहुण्याला ती तशी वाटणं वेगळं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये एक गंमत दाखवून दिली. पर्यटकाला पडद्यामागचं खरं जीवन बघायचं असतं, म्हणून पडद्यामागचंही सजवून दाखवलं जातं! पुढे १९९९ मध्ये निंग वांग यांनी अस्सलपणाचे तीन प्रकार सांगितले: वस्तूचा, लोकांनी मानलेला आणि स्वतःच्या अनुभवातला.

आता दिवेआगर घ्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका वाडीत जमिनीखाली पेटी सापडली. पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा होता. गावाकडे गर्दी लोटली, घरोघरी खोल्या आणि खानावळी निघाल्या. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा वितळवला गेला. दर्शनासाठी येणारे कमी झाले, खानावळींना फटका बसला. पण ज्यांना सुरूच्या बनाची, लांबलचक वाळूची, वाडीतल्या मुक्कामाची ओढ होती, त्यांचं यायचं कारण उरलंच होतं की! निष्ठा कशावर टेकलेली आहे, हे अशा वेळी कळतं.

परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदिरात बसला. तो अस्सल म्हणायचा का? वस्तू म्हणून बघाल तर सोनं जुनं, घडण नवी. भक्ताला मात्र हा प्रश्नच पडत नाही. माझ्या मते वांग यांचा दुसरा प्रकार समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मंडणगड तालुक्यातलं वेळास याहून वेगळं. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सवाला येणारे गावातल्याच घरांत राहतात, घरचंच जेवतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात. कधी पिल्लं निघतात, कधी एकही नाही. ही अनिश्चितताच खरेपणाची खूण ठरते. ठरल्या वेळी हुकमी पिल्लू दिसलं असतं, तर तो खेळ वाटला असता, नाही का?

स्वाध्याय: उद्या आपल्या कोलशेतच्या खाडीवर मासेमारी दाखवणारी फेरी सुरू झाली, तर त्यात मुद्दाम मांडलेलं काय असेल आणि खरंच रोजचं काय असेल? खाडीकाठच्या जुन्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.